उपदेश आणि श्रवण : ख्रिस्ती पाळकीय समुपदेशनात प्रवचनाचे स्थान



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेने मला गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, हा मी माझा गौरव समजतो. गुरुजींनी आम्हांला इतिहास शिकवला. सनावळ्या त्यांना मुखोद्गत असत. पण सनावळीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न ते हमखास विचारत. आजचा विषय निवडताना तोच प्रश्न माझ्यासमोर होता. ख्रिस्ती मंडळीत पाळक व्यासपीठावरून उपदेश करतो आणि तोच पाळक दुःखिताच्या घरी जाऊन त्याच्या शेजारी बसतो. या दोन कामांचा परस्परांशी संबंध काय? उपदेशाने मन सावरते की दडपते? मी मानसशास्त्राचा पदवीधर नाही; इतिहासाचा विद्यार्थी आहे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी इतिहासात शोधणार आहे.

परंतु प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही. तो मला या निर्मल गावात, माझ्या घरी भेटला. माझे आजोबा तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून नोकरीनिमित्त निजामाच्या राज्यात आले आणि येथेच स्थायिक झाले. आमचे घर मराठी ख्रिस्ती, शेजार तेलुगू आणि उर्दू बोलणारा. मी बारा वर्षांचा असताना माझा आठ वर्षांचा धाकटा भाऊ भाद्रपदात तुडुंब भरलेल्या तळ्यात बुडाला. दफनविधीच्या वेळी बाहेरगावहून आलेले एक उपदेशक बोलावयास उभे राहिले. आईबापांच्या विश्वासात उणीव असली की देव अशी कसोटी पाहतो, अशा आशयाचे ते बोलले. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, हे आज मला कळते. पण त्या दिवसापासून आई उपासनेला जाईनाशी झाली. ती रडलीही नाही. स्वयंपाक करी, धुणे धुई, आणि संध्याकाळी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसे. या कहाणीचा उत्तरार्ध मी शेवटी सांगेन.

१

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठी ख्रिस्ती मंडळीत व्यासपीठावरील भाषणाला ‘उपदेश’ म्हणतात. मानसशास्त्राच्या प्रसाराबरोबर जी नवी विद्या आपल्याकडे आली, तिला आपण ‘समुपदेशन’ असे नाव दिले. गंमत अशी, की समुपदेशक पहिल्याच दिवशी सांगतो, ‘मी उपदेश करणार नाही’. आणि त्याच्या विद्येच्या नावातच उपदेश दडून बसला आहे. लोकव्यवहारात तर ‘उपदेशाचे डोस पाजणे’ हा चेष्टेचा विषय झाला आहे. वस्तुतः ‘उपदेश’ या शब्दात ‘दिश्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ दाखविणे. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळ जाऊन दाखविणे तो उपदेश. जवळ जाणे सुटले आणि नुसते दाखविणे उरले, की त्याचा डोस होतो. माझ्या आजच्या व्याख्यानाचा मथितार्थ या एका शब्दात आला आहे.

बायबलमध्ये या दोन्ही प्रकारांची उदाहरणे सापडतात. ईयोबाची मुले गेली, संपत्ती गेली, शरीर फोडांनी भरले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र भेटीस आले आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याबरोबर जमिनीवर बसून राहिले. पुढे ईयोबाने आपला विलाप उघड केला आणि मित्रांनी तोंड उघडले. तुझे पाप असल्यावाचून असे घडणार नाही, हे त्यांनी अध्यायामागून अध्याय त्याला पटवून देण्याचा प्रयत्न केला. ग्रंथाच्या अखेरीस देव दोष देतो तो या मित्रांना. त्यांचे सात दिवसांचे मौन हे उत्तम समुपदेशन होते आणि त्यानंतरचे त्यांचे बोलणे हा निकृष्ट उपदेश होता, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण नाथान संदेष्ट्याचे. दावीद राजाने उरीयाची बायको आपलीशी केली आणि उरीयाला युद्धात मारविले. नाथान राजाकडे गेला तो आरोपपत्र घेऊन नव्हे. त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाची एकुलती एक मेंढी होती. धनवानाने पाहुण्याच्या मेजवानीसाठी ती हिरावून घेतली. राजा संतापला आणि त्याने धनवानास शिक्षा फर्मावली. तेव्हा नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. येथे उपदेशकाने निवाडा ऐकणाऱ्याच्याच मुखातून काढला. आजचा मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून जे परिश्रम घेतो, ते याहून फार वेगळे नाहीत.

२

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या दोन कामांची सांगड पुन्हा पुन्हा घातली गेली आणि पुन्हा पुन्हा सुटली. इ. स. ५९० मध्ये रोमचे बिशपपद स्वीकारणारा पहिला ग्रेगरी याने पाळकांच्या कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा तिसरा भाग सर्वांत मोठा आहे. गरीब आणि श्रीमंत, आनंदी आणि खिन्न, धीट आणि भित्रा, अशा जोड्या लावून कोणाला कसे बोलावे, हे त्यात तो सांगतो. जे औषध एकाला तारते ते दुसऱ्याला मारते, हा त्याचा मुद्दा. श्रोत्यांचा समुदाय एक असला तरी मने निरनिराळी आहेत, हे त्याने ओळखले होते. चौदा शतकांपूर्वीचे हे श्रोत्यांचे मानसशास्त्रच होय.

१२१५ साली भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करावे असा नियम केला. निवेदन ऐकणाऱ्याने कुशल वैद्याप्रमाणे जखमेवर तेल व द्राक्षारस ओतावा, परिस्थितीची बारकाईने चौकशी करावी आणि ऐकलेले कदापि उघड करू नये, असे त्या नियमात सांगितले आहे. त्याच परिषदेच्या दुसऱ्या एका नियमाने बिशपांना लायक माणसे नेमण्यास फर्मावले. ही माणसे कोणत्या कामासाठी? उपदेशासाठी, आणि पापनिवेदन ऐकण्यासाठीही. बोलणारे मुख आणि ऐकणारे कान एकाच व्यवस्थेत असावेत, ही दृष्टी त्यामागे होती.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचा प्रॉटेस्टंट पाळक होता. त्याचे उपदेश गाजलेले होते. तरीही १६५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्रांजळपणे लिहिले, की जे लोक दहा वर्षे उपदेश ऐकून कोरडे राहिले, ते अर्ध्या तासाच्या जवळिकीच्या संभाषणाने हलले. त्याच्या मंडळीत आठशेहून अधिक कुटुंबे होती. दर सोमवारी व मंगळवारी, आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबे याप्रमाणे तो आणि त्याचा सहकारी वर्षभरात सर्वांची भेट घेत. बॅक्स्टरने उपदेश सोडला नाही. घरोघरी जे ऐकले त्याने त्याचा रविवारचा उपदेश अधिक माणसात आला असणार, असे मी समजतो.

३

आता आपल्या भाषेकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूर येथे १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा जन्म कसा झाला, हे ग्रंथातच सांगितले आहे. साष्टीतील नवख्रिस्ती धर्मशिक्षणासाठी जमले असता एका ब्राह्मणाने पाद्रीगुरूला विचारले, की आमची जुनी पुराणे तुम्ही आम्हांस वर्ज्य केली. मग तशीच नवी आम्हांस का देत नाही? या प्रश्नामागे केवळ वाङ्मयाची आवड नव्हती. सणावाराला कानावर पडणारा ओळखीचा सूर गेला म्हणजे मनाचा आधार जातो. धर्मांतराने माणूस जुन्या जगातून उठला आणि नव्यात अद्याप बसला नाही, अशी ती अवस्था होती. स्टीफन्सने ती मागणी ऐकली आणि मराठी ओवीत ख्रिस्तकथा सांगितली. ग्रंथात श्रोते मधूनमधून शंका विचारतात आणि गुरू उत्तर देतो. मराठीतील ख्रिस्ती उपदेशाचा हा आरंभीचा थोर ग्रंथ श्रोत्याच्या मागणीतून निर्माण झाला, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत ख्रिस्ती कीर्तन रूढ झाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्या संदर्भात आदराने घेतले जाते. मुधोळ-भैंसा भागात सप्ताह ऐकत वाढलेल्या माझ्या श्रोत्यांना कीर्तनाची रचना समजावून सांगण्याची गरज नाही. पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. मनाच्या दृष्टीने पाहता ही रचना मोठी शहाणपणाची आहे. पूर्वरंगात बुद्धीला पटते; उत्तररंगात दुसऱ्याची म्हणून आपलीच कथा ऐकावयास मिळते. उधळ्या पुत्राचे आख्यान चालू असता घरातून निघून गेलेल्या मुलाचा बाप गर्दीत बसून डोळे पुसू शकतो. त्याचे नाव कोणी घेत नाही. शिवाय मध्ये भजन असते. ऐकणारा नुसता ऐकत नाही, गातोही. नाथानाची युक्ती आमच्या मातीत आधीच रुजलेली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाचा हिरिरीने पुरस्कार केला. त्यांच्या स्वतःच्या मनःपरिवर्तनाचा क्रम पाहण्यासारखा आहे. राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. गृहस्थाने त्यांच्याशी काव्याच्या आणि धर्माच्या गप्पा मारल्या आणि निघताना ‘नवा करार’ हाती दिला. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आले, तेथून त्यांना पुस्तक खाली ठेववेना. म्हणजे संभाषणाने दार उघडले आणि प्रवचन आत आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्याच घटनेची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे ताटातूट झाली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्यामागे कोणा वक्त्याचा विजय नव्हता. सोबत, रोजचा सहवास, आणि स्वतःशी केलेला विचार यांनी ते घडले. हजारोंना शब्दांनी हलविणाऱ्या कवीलाही घरातल्या माणसासाठी थांबावे लागले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण हसतो. त्या हसण्याखाली किती दुःख पचविलेले आहे, हे नंतर ध्यानात येते. स्वतःची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता येणे ही देखील मन बरे होण्याची एक वाट आहे, आणि त्या ग्रंथाहून याचा मोठा पुरावा मराठीत मला माहीत नाही.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे बालपण पुराण सांगणाऱ्या आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेत गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. उपदेश कसा करतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिले होते आणि उपासमारीत उपदेशाची मर्यादाही पाहिली होती. मध्य प्रांतातील १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी निराधार मुली व विधवा केडगावला आणल्या तेव्हा प्रथम अन्न, वस्त्र आणि निवारा दिला. मग विणकाम, शेती, छपाई असे हाताला काम दिले. १९०५ साली मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली मोठमोठ्याने रडत, आपली पापे बोलून दाखवीत. त्या प्रसंगाचा धार्मिक अर्थ ज्याने त्याने लावावा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इतके दिसते, की ज्यांचे रडणे आजवर कोणी ऐकले नव्हते, त्यांना सर्वांदेखत रडण्याची मुभा मिळाली; आणि ती मिळण्याआधी त्यांच्या डोक्यावर छप्पर होते.

४

विसाव्या शतकात मानसशास्त्राने पाळकापुढे नवे आव्हान उभे केले. झुरिकचे पाळक ऑस्कर फिस्टर यांनी १९०९ पासून फ्रॉइडशी पत्रव्यवहार ठेवला. फ्रॉइडने धर्माला भ्रम म्हटले, फिस्टरने त्याला छापील उत्तर दिले, आणि मैत्री फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत टिकली. अमेरिकेत अँटन बॉइसन या पाळकाला १९२० साली स्वतःलाच तीव्र मानसिक आजार झाला. बरा झाल्यावर तो १९२४ मध्ये वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून रुजू झाला आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्याने धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ग्रंथालयातून उठवून रुग्णांच्या खाटेपाशी आणले. माणूस हाच वाचण्याचा ग्रंथ, अशी त्याची शिकवण होती. रुग्णांच्या उपासनेसाठी त्याने गीतसंग्रहही तयार केला. आजारी मनाची भीती चाळवतील अशी गीते त्याने त्यातून वगळली. व्यासपीठावरचा शब्द औषधाप्रमाणे मोजून द्यावयाचा असतो, हे त्याला स्वानुभवाने कळले होते.

१९२८ साली न्यूयॉर्कचे प्रख्यात उपदेशक हॅरी एमर्सन फॉस्डिक यांनी एका मासिकात प्रचलित उपदेशावर कठोर टीका केली. उपदेश ग्रंथातील वचनापासून निघून श्रोत्याच्या अडचणीपर्यंत पोचतच नाही; तो अडचणीपासून निघावा, आणि एकेकट्याला दिलेल्या सल्ल्याचेच ते समुदायासाठी केलेले रूप असावे, असे त्यांचे मत होते. पुढे १९४२ साली कार्ल रॉजर्स यांचा समुपदेशनावरील ग्रंथ आला. समुपदेशकाने दिशा दाखवू नये, ऐकावे; मार्ग व्यक्तीला स्वतःला सापडतो, हा त्यांचा सिद्धान्त जगभर पसरला. हे रॉजर्सही उमेदीच्या काळात दोन वर्षे न्यूयॉर्कच्या धर्मशास्त्रविद्यालयात शिकले होते. उलटपक्षी, स्विस धर्मशास्त्रज्ञ एडुआर्ड थुर्नायसेन यांनी १९४६ च्या ग्रंथात पाळकीय सेवा म्हणजे देवाच्या वचनाची एकट्या व्यक्तीला केलेली घोषणाच होय, असे प्रतिपादन केले. एकाने समुपदेशनातून उपदेश काढून टाकला, दुसऱ्याने समुपदेशनालाच उपदेश ठरविले.

मला दोन्ही टोके अपुरी वाटतात. केवळ ऐकणारा पाळक दुःखिताला शेवटी त्याच्याच खोलीत सोडून येतो. केवळ बोलणारा पाळक त्या खोलीत शिरतच नाही. समुपदेशनाची खोली एकाची असते, तर उपासना अनेकांची. आपल्यासारखे दुःख इतरांनाही झाले आहे, हजारो वर्षांपूर्वीही झाले होते, हे माणसाला खोलीत सहसा कळत नाही. ते समुदायात कळते. उपदेशाचे खरे कार्य मला येथे दिसते. तथापि त्याला तीन बंधने हवीत. कोणाचे दुःख हे त्याच्या पापाचे फळ आहे, असा निवाडा उपदेशकाने देऊ नये. खाजगीत ऐकलेले व्यासपीठावर दृष्टान्त म्हणूनही आणू नये. आणि आजार दिसला तर डॉक्टरकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये.

हे मी केवळ शास्त्रार्थ म्हणून सांगत नाही. आपल्या भोवतालचा प्रदेश कापसाचा आहे. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी विष घेतल्याच्या वार्ता आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. अशा घरी अंत्यविधीला उभा राहणारा माणूस, मग तो पाळक असो, कीर्तनकार असो वा मौलवी, काय बोलतो यावर मागे उरलेल्यांचे जगणे अवलंबून असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेऐवजी उपचार व पुनर्वसन देण्याचे धोरण स्वीकारले. कायद्याने निवाडा मागे घेतला. व्यासपीठाने तो चालू ठेवावा काय?

५

आता राहिलेली कहाणी सांगून मी आपली रजा घेतो.

भाऊ गेल्यानंतर दोन माणसे आमच्या घरी नियमाने येत. एक आमचे वृद्ध पाळक. ते येत, आईने दिलेला चहा घेत, लहानशी प्रार्थना करीत आणि जात. दुसरे गुरुजी. ते आमच्या धर्माचे नव्हते. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर ते ओसरीवर येऊन बसत. बरेच आठवडे ते वडिलांशी इकडचेतिकडचे बोलत. एके दिवशी आईकडे वळून त्यांनी सहज विचारले, “वहिनी, धाकट्याला काय आवडायचं हो?” घरात त्याचे नाव घेणे आम्ही सर्वांनी टाकले होते. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “कैऱ्या. मीठ न लावता खायचा.” त्या दिवशी इतकेच. पुढच्या गुरुवारी ती आणखी थोडे बोलली. वृद्ध पाळकही मग धाकट्याविषयी विचारू लागले आणि प्रार्थनेपेक्षा ऐकण्यात त्यांचा वेळ अधिक जाऊ लागला.

अकरा महिन्यांनी एका रविवारी आई आपणहून उपासनेला निघाली. पाळकांनी त्या दिवशी लाजाराच्या कबरेचा उतारा घेतला होता. ते मोठे वक्ते नव्हते. त्यांनी एकच गोष्ट सांगितली : लाजार पुन्हा उठणार हे येशूला ठाऊक होते, तरीही तो रडला, मार्था आणि मरीया यांना त्याने ‘रडू नका’ म्हटले नाही. आईचे नाव त्यांनी घेतले नाही, तिच्याकडे पाहिलेही नाही. आई पदरात तोंड लपवून रडू लागली. शेजारच्या बाईने तिचा हात धरला. त्या रात्री घरी दिवा मालवल्यावर ती कितीतरी वेळ धाकट्याच्या गोष्टी सांगत होती आणि आम्ही ऐकत होतो.

एका उपदेशाने माझ्या आईचे तोंड बंद केले आणि दुसऱ्या उपदेशाने ते उघडले. शास्त्र एकच, ग्रंथ एकच, बोलणाऱ्याची श्रद्धाही तीच. अंतर इतकेच, की दुसरा उपदेश करणारा अकरा महिने आमच्या ओसरीवर बसून ऐकत होता. आणि ते ऐकणे कसे असते, हे त्याच ओसरीवर एका इतिहासाच्या शिक्षकाने दाखवून दिले होते. गुरुजींनी कधी उपदेश केला नाही. जवळ येऊन दाखविले मात्र खचित.